व्हायरसवर कुठलं औषध मारू?

मी वनस्पतिशास्त्र शिकवते हे एकदा कळलं की कोल्हापूर जिल्ह्यात लग्नाच्या पंगतीतही सुटका नसते. ताटात मसालेभात पडतो न पडतो तोच शेजारून मोबाइल पुढे येतो. फोटोत टोमॅटोचं झाड असतं. शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळलेली, कडा पिवळ्या, झाड खुजं, आणि फुलं धरायच्या आधीच गळलेली. "मॅडम, व्हायरसवर कुठलं औषध मारू?"

तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहिते. मारायला औषध नाही. एवढं सांगून थांबलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर 'मग एवढं शिकून उपयोग काय' असं स्पष्ट दिसतं, म्हणून का नाही तेही सांगते.

गेल्या वर्षी हाच फोटो घरातून आला. शिरोळ तालुक्यातल्या माझ्या मामांचा अर्धा एकर टोमॅटो. मल्चिंग, ठिबक, काठ्या-तारा, सगळा खर्च करून लागण केलेली आणि विसाव्या-पंचविसाव्या दिवशी बोकड्या, म्हणजे हाच पानं वळायचा रोग, दिसायला लागला. मामांचा फोन, "लगेच ये." "आलो," म्हटलं. (कोल्हापूरच्या पोरी 'आले' म्हणत नाहीत, मराठीच्या मास्तरांनी क्षमा करावी.) पोचेपर्यंत मामांनी दुकानातून 'व्हायरसचं औषध' आणलंही होतं. बाटली फिरवून वाचली तर सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि समुद्री शेवाळाचा अर्क. चार दिवस पान हिरवंगार दिसेल, मनाला बरं वाटेल. व्हायरसला मात्र कुणी काही फवारलंय याची खबरही लागणार नाही.

बोकड्या आणणारे विषाणू बरेच आहेत. आपल्याकडच्या टोमॅटोवर नेहमी भेटणाऱ्या एकाच्या नावात नवी दिल्ली आहे, कारण ज्या नमुन्यावरून त्याची ओळख पटली तो तिथला होता. याचं सगळं बाड म्हणजे डीएनएची दोन वर्तुळं, प्रत्येकी साधारण 2,700 अक्षरांची. टोमॅटोचा स्वतःचा मजकूर जवळपास 90 कोटी अक्षरांचा. विषाणूच्या त्या एवढ्याशा मजकुरात सात-आठ प्रथिनांच्या कृती मावतात, बाकी काही नाही. डीएनएची नक्कल काढणारं यंत्र त्यात नाही. ते तो झाडाचंच वापरतो, आणि सगळी गोम तिथे आहे.

आत शिरतो तो पांढऱ्या माशीच्या सोंडेतून. माशी पानाच्या मागच्या बाजूला बसून झाडाचा अन्नरस ओढते. रोगट झाडाच्या रसाबरोबर विषाणू तिच्या आतड्यात जातो, तिथून रक्तात, रक्तातून लाळेच्या ग्रंथीत. या प्रवासाला काही तास लागतात, पण एकदा लाळेत उतरला की ती माशी पुढे कितीतरी दिवस प्रत्येक घोटाबरोबर विषाणू वाटत हिंडते. निरोगी झाडाला लागण व्हायला तिने काही मिनिटं रस ओढला तरी पुरतं. म्हणून कीटकनाशकाने माशी मेली तरी मरायच्या आधी तिचं काम बहुतेक वेळा उरकलेलं असतं.

आता गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आणा. हंगाम संपलाय, चुलवाण थंड, काहील पालथी, दाराला कुलूप. वाढ पुरी झालेल्या पेशीचं असंच असतं. तिला आता विभागायचं नसतं, म्हणून डीएनएच्या नकला काढायचं काम तिने बंद करून ठेवलेलं असतं. विषाणूजवळ ना घाणा, ना काहील, ना गुळव्या. त्याच्याकडे असते एक चिठ्ठी आणि एक किल्ली. चिठ्ठी म्हणजे त्याचा डीएनए. तो एकेरी धाग्याचा असतो, पण पेशीच्या केंद्रकात पोचला की पेशीच त्याला भाबडेपणाने दुहेरी करून देते आणि वाचायलाही लागते. वाचून जी प्रथिनं बनतात त्यातलं एक म्हणजे किल्ली, नाव 'रेप'. पेशीत एक प्रथिन विभाजनाला कुलूप घालून बसलेलं असतं. (माणसातला याचाच भाऊबंद बिघडला की लहान मुलांच्या डोळ्यात रेटिनोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर होतो. प्रथिनाला नाव त्यावरूनच पडलंय.) रेप जाऊन त्याला चिकटतं आणि कुलूप निघतं. बंद गुऱ्हाळ अवेळी पेटतं, आणि झाडाचाच गुळव्या झाडाच्याच उसाच्या ढेपा भलत्याच्या नावाने पाडत बसतो.

नक्कल निघते कशी, ते मी वर्गात दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी मलाच मौज वाटते. त्या वर्तुळावर एका जागी नऊ अक्षरं येतात: टी-ए-ए-टी-ए-टी-टी-ए-सी. या कुळातल्या जवळजवळ प्रत्येक विषाणूत हीच नऊ, याच क्रमाने. रेप बरोबर सातव्या आणि आठव्या अक्षराच्या मधे धागा कापतं. टोक मोकळं होतं आणि वर्तुळ फिरत राहून धागा सुटत जातो, टोमॅटो बांधायच्या सुतळीच्या गुंड्यासारखा. फरक एवढाच की इथे जितका धागा सुटतो तितकाच नवा मागे भरला जातो, गुंडा काही संपत नाही. एक फेरा पुरा झाला की रेप तो तोडून दोन्ही टोकं जोडतं. नवं वर्तुळ तयार, पुढचा फेरा चालू.

दुसऱ्या वर्तुळावर दोन हमालांची सोय आहे. एक प्रथिन नव्या प्रती केंद्रकातून बाहेर काढतं, दुसरं पेशीपेशींमधल्या बारीक बोळांतून शेजारी पोचवतं. असं करत माल अन्नरसाच्या नळ्यांत पडला की रस जिकडे जातो तिकडे, म्हणजे वाढत्या शेंड्याकडे. मामांच्या रानात मी त्यांना हेच दाखवलं. एकाच झाडाची खालची पानं सपाट, कुणी शपथेवर निरोगी म्हणावीत अशी, आणि वरची चारच पानं वळलेली.

झाड गप्प बसत नाही. विषाणूचा डीएनए वाचताना आधी आरएनएची प्रत निघते. त्या परक्या आरएनएचे झाड 21 ते 24 अक्षरांचे तुकडे करतं आणि ते तुकडे नमुना म्हणून हातात धरून तसाच मजकूर दिसेल तिथे कापत सुटतं. विषाणूची दोन-तीन प्रथिनं खास ही कात्री बोथट करायलाच असतात. गंमत अशी की पानाचा आकार ठरवतानाही झाड अशाच बारीक आरएनएची मदत घेतं. तिथेही घोटाळा होतो आणि पान वळतं.

"म्हणजे गुळव्यालाच विष घालायचं का?" मामांनी विचारलं. त्यांना नेमकं कळलं होतं. झाडाचं यंत्र बंद पाडलं तर विषाणू थांबेल, आणि झाडही. राहता राहिलं रेप, ते तेवढं विषाणूचं स्वतःचं. माणसांच्या काही विषाणूंवर असंच त्यांचं स्वतःचं प्रथिन हेरून औषधं झाली आहेत. पण टोमॅटोच्या पेशीपेशीच्या केंद्रकात जाऊन रेपला धरेल, आणि वर एकराच्या हिशोबात परवडेल, असं काही कुठल्याही दुकानाच्या फळीवर नाही.

मग आधी काय करायचं, तर रोप बघून घ्यायचं. मामांनी ज्या रोपवाटिकेतून रोपं आणली तिथली जाळी दोन ठिकाणी फाटलेली होती, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आवाज खाली आणून. रोपं लावल्यावर इतक्या लवकर लक्षणं दिसली म्हणजे विषाणू रोपांच्या ट्रेमधूनच आला असणार असं माझं मत आहे. 40 ते 50 मेशची धड जाळी, रानाभोवती मक्याच्या दोन-चार ओळी, पहिलं वळलेलं झाड दिसताक्षणी उपटून पुरून टाकणं. (बांधावर भिरकावून नव्हे. माशी तिथूनही उडते.) वाणही आहेत. चिलीकडच्या एका रानटी टोमॅटोतून आलेलं टीवाय-1 नावाचं जनुक झाडाच्या त्या कात्रीला धार लावतं. विषाणू झाडात असतो, पण दबून. मात्र प्रत्येक भागातल्या विषाणूपुढे ते सारखंच टिकतं असं नाही, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

असला टोमॅटो खाल्ला तर आपल्याला काही होतं का, हेही हमखास विचारतात. नाही होत. हा विषाणू झाडांचा, माणसाला त्याची लागण होत नाही.

एका विषाणूला मात्र माशीची गरजच नाही, आणि आपल्या भागाशी त्याची सोयरीक जुनी आहे. तंबाखूचा मोझॅक. जगात पहिल्यांदा ओळखला गेलेला विषाणू हाच, 1890 च्या दशकात. काडीसारखा, 2,130 प्रथिनांच्या कवचात गुंडाळलेला, आणि इतका चिवट की वाळवलेल्या तंबाखूतही वर्षानुवर्षं जिवंत राहतो. टोमॅटोवरही तो येतो. निपाणीचा तंबाखू तळहातावर मळायचा आणि त्याच हाताने टोमॅटोचे बगलफुटवे खुडायचे, म्हणजे प्रत्येक खुडीला त्याला दार उघडून देणं.

मामांनी तो अर्धा एकर शेवटी उपटला. यंदा रोपं घरीच केली, नवी जाळी लावून. दारात बादली आणि साबणाची वडी ठेवली. कामावरच्या गड्याला मी तंबाखूचं सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तंबाखूनं माणूस मरतंय हे ऐकलं हुतं," तो म्हणाला, "टोमॅटोबी आजारी पडतंय व्हय?"

मग पुडी दाराच्या खिळ्याला अडकवली, हात धुतले आणि आत गेला.