अंबाजोगाईच्या वाड्यातला पाथे फोनो

छत्रपती संभाजीनगरहून अंबाजोगाईला एसटीने निघालं की पाचोड, शहागडचा गोदावरीचा पूल, गेवराई, बीड, मांजरसुंबा, केज अशी गावं मागे पडत जातात. लोखंडी सावरगाव आलं की उतरायची तयारी करायची. मी चाललो होतो ते एका वाड्यातला 'बंद पडलेला फोनो', म्हणजे चावीचा जुना ग्रामोफोन बघायला.

ढाळजेत पाट मांडून काकूंनी तो समोर ठेवला. "सासऱ्यांनी निजामाच्या राज्यात असताना हैदराबादहून आणला होता. एकदा दुरुस्त करून घेतला, तेव्हापासून तबकड्या नुसत्या खरखरतात बघा."

चावी दिली तर ताटली फिरत होती. माझी नजर अडकली ती साऊंडबॉक्सवर, म्हणजे भुजेच्या टोकाला सुई धरून आवाज काढणाऱ्या गोल डबीवर. तो एचएमव्हीचा होता आणि रबरी नळीचा तुकडा कापून भुजेत ठोकून बसवलेला होता. पेटीवर मात्र नाव पाथे या फ्रेंच कंपनीचं. एका कंपनीचं डोकं दुसऱ्या कंपनीच्या भुजेत रबराने बसवलेलं दिसलं, की मूळचं कुठे गेलं हे आधी विचारायचं. काकूंनी माळ्यावरून कुलपं, बटणं, बिजागऱ्यांचा एक डबा काढून दिला. तळाशी तशीच एक गोल डबी होती, दुसरा साऊंडबॉक्स. तिला पिन बसवायचा स्क्रूच नव्हता. दांडीच्या टोकाला भिंगाखाली चमकणारा बारीक गोल मणी होता. नीलम! मला इतका आनंद झाला की चहा तसाच राहिला.

एचएमव्हीच्या तबकडीत खोबण डावी-उजवी नागमोडी जाते, पाथेच्या जुन्या तबकडीत ती खाली-वर होते. म्हणून पाथेच्या साऊंडबॉक्समधला थरथरणारा पडदा नव्वद अंशांनी वळवून बसवतात आणि पोलादी सुईऐवजी नीलमाचा गोल मणी लावतात. पोलादी सुई या खोबणी खरवडून टाकते आणि आवाजही धड निघत नाही. काकूंकडची खरखर तीच. त्या दुरुस्तीत फोनो बिघडला, आणि दोष मात्र तबकड्यांवर गेला.

तबकड्या पेटीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या होत्या. काहींवर कागदी लेबल नव्हतं, नाव थेट तबकडीवरच कोरलेलं. पाथेच्या सुरुवातीच्या तबकड्यांची ही खूण, आणि त्यांतल्या पुष्कळशा आतून बाहेर वाजतात. या पद्धतीच्या तबकड्या भारतात बऱ्याच आधी पोचल्या होत्या. कलकत्त्याच्या एच. बोस यांची ध्वनिमुद्रणंही १९०८ च्या सुमारास पाथेने तबकडीवर आणली होती.

मग डबी उघडली. गंजलेल्या स्क्रूंवर तेलाचा थेंब सोडून रात्रभर तशीच ठेवली. तिथे जोर लावला तर स्क्रूचं डोकं तुटतं आणि सगळंच हातातून जातं. आतला पडदा अभ्रकाचा. त्याच्या थरांत दुधाळ डाग नव्हते आणि काठही शाबूत होते. तो पाण्याने धुवायचा नाही, कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसायचा. दोन्ही बाजूंचं रबर मात्र दगड झालेलं. अशा कडक रबरात पडदा आवळला जातो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. जुनं खरवडून नव्या मऊ रबराच्या बारीक नळीची कडी केली, पडदा मधोमध बसवला. स्क्रू एकदम न आवळता आळीपाळीने आवळले. मणी भिंगाखाली फिरवून पाहिला. झिजलेल्या मण्यावर सपाट चट्टा दिसतो, याचा गोलवा शिल्लक होता.

वेगही बघावा लागला. गव्हर्नर, म्हणजे ताटलीचा वेग आवरणारा भाग, मिनिटाला ७८ फेऱ्यांवर लावलेला होता, या तबकड्यांना ९० च्या आसपास हवेत. तबकडीखाली कागदाची पट्टी सरकवली आणि पाव मिनिटात बावीस-तेवीस फेऱ्या भरेपर्यंत स्क्रू फिरवला.

मणी आतल्या कडेला टेकवला. बासरीसारखं काहीतरी आणि त्यामागे एक बाईचा आवाज आला. पोलादी सुईने खरवडलेल्या जागी आवाज फाटत होता, पुढे पुन्हा स्वच्छ. "हा गातोय की हो!" म्हणत काकूंनी सुनेला हाक मारली.

भुजेचा सांधा अजून सैल आहे. तिथे पितळी बुश, म्हणजे फट भरून काढणारी कडी हवी. माप घेतलंय, जालन्यात एका लेथवाल्याकडून करून घेईन आणि दसऱ्यानंतर बसवायला जाईन. एचएमव्हीचा साऊंडबॉक्स काकूंना वेगळ्या डब्यात ठेवायला सांगितला आहे. तोही चांगला आहे, फक्त या पेटीचा नाही. तुमच्या घरी लेबल नसलेली, नाव कोरलेली तबकडी असेल तर तिच्यावर पोलादी सुई लावू नका, आणि जुन्या कुलपांचा डबा एकदा उपसून बघा.