महिनाभराची मुभा

डावा दंड ठणकतोय. त्या कुशीवर वळता येत नाही, म्हणून रात्री बारा वाजता हे लिहित बसलेय.

बाळाचा विचार करण्याआधीच्या तपासण्या केल्या होत्या. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिले. थायरॉइड बरा, थॅलेसेमियाचं काही नाही, हिमोग्लोबिन 10.8, त्यावर नाक मुरडून झालं. मग रुबेला, तो गोवरासारखा आजार. अँटीबॉडीज नाहीत म्हणे, लस आजच घेऊन टाका, आणि त्यानंतर बाळासाठी महिनाभर थांबा. जिवंत लस असते ना.

मी नुसतं "बरं" म्हटलं. आत मात्र इतकं हायसं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

तेच खुपतंय. वर्षभर मागे कोण लागलं होतं? मीच. दिवाळीनंतर बघू, असं ठरवणारीही मीच. मग हायसं कसलं?

नोकरीचं म्हणावं तर 26 आठवडे रजा कायद्यानेच मिळते, 2017 पासून. परत आल्यावर माझ्या टेबलावर कोण बसलेलं असेल, ते वेगळं. जाऊ दे. घराचा हप्ता म्हणावा तर ह्याने त्याची शीटच केलीय. 'बाळ' नावाचा रकाना, डायपरपुढेसुद्धा आकडा. माझ्या नावापुढे काहीच नाही. आणि तपासण्या तरी कुणाच्या? रक्त माझं, सुई माझ्या दंडात. ह्याला काय, तर "सिगरेट बंद करा". झालं.

त्यात आईला लसीचं कार्ड मागितलं, ती चूकच. "कशाला गं?" म्हणाली. पटकन तोंडातून निघालं, पासपोर्टला. पासपोर्टला लसीचं कार्ड! दोन मिनिटांत फोटो आला. पिवळा पडलेला कागद, त्यावर गोवर एकदाच. आमच्या वेळी सरकारी यादीत रुबेला नव्हतीच. फोटोखाली आईने एक अक्षर लिहिलं नाही. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी फोन, दूध घेतेस का.

कदाचित हायसं वाटलं ते एवढ्यासाठीच. कुणाला कारण न देता मिळालेला महिना. 'नको वाटतंय' म्हणावं लागलं नाही, डॉक्टरच म्हणाल्या. पण मला नकोय का? नाही, तसंही नाही. हवंय. फक्त उद्यापासून नको.

फॉलिक अ‍ॅसिड मात्र आजपासूनच, 400 मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, आपल्याला कळेपर्यंत गोळीला उशीर झालेला असतो. म्हणजे सुरुवात होणार ती मला न विचारताच.

येताना रिक्षा कापूरबावडीला अडकली. नितीन कंपनीपासून हा गप्पच होता. मला वाटलं, हिरमुसला. मानपाडा आलं तसा म्हणतो, "म्हणजे ह्या महिन्यात अलिबागला जाऊन येता येईल, नाही?" आवाज अगदी गणिताचा पेपर पुढे गेलेल्या पोराचा.

आधी संतापच आला. हायसं वाटायचं तर मला वाटू दे ना, ह्याला कशाला! मग हसू फुटलं, इतकं की दंडातून कळ गेली. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. ह्याला काही कळेना, पण तोही हसत सुटला.

गोळ्या पोह्यांच्या डब्यामागे ठेवल्यात, सासूबाई शनिवारी येतायत म्हणून. स्ट्रिपमध्ये तीस आहेत. मी मोजल्या. मघाशी पाणी प्यायला उठले तर स्ट्रिप डब्याच्या पुढे आलेली. ह्यानेही मोजल्या असणार.