पाच हजारवालं

"काका, हे घ्या, पाच हजारवालं आहे," पोवई नाक्यावरच्या दुकानातला पोरगा म्हणाला. मी किंमत समजून पावसाळी जाकीट खाली ठेवलं. किंमत बरीच कमी होती. पाच हजार म्हणजे मिलिमीटर.

आता साताऱ्याच्या माणसाला मिलिमीटर म्हटलं की पेपरातलं पावसाचं कोष्टकच आठवणार. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजारांच्या वर पडतो, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यातल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. म्हणजे हे जाकीट महाबळेश्वरात एक पावसाळाही निभावणार नाही, पण माणात दहा वर्षं जाईल. हा हिशोब मी मोठ्याने केला. पोरगा हसला नाही. कापडावर पाच मीटर उंच पाणी उभं केलं तरी आत झिरपत नाही, असा त्याचा अर्थ, एवढं त्याने सांगितलं. मी जाकीट उलटं करून शिवणी चाचपल्या. कापड गळत नाही, सुईची भोकं गळतात. इथे आतून पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. काखेत चेनसुद्धा, वाफ बाहेर जायला.

ही काखेतली चेन आमच्या वेळी असती तर! माझा रेनकोट रबरी. उन्हाळाभर ट्रंकेत घडी चिकटू नये म्हणून आई त्यावर पावडर मारून ठेवायची. जूनमध्ये तो बाहेर निघाला की घरभर रबर आणि पावडर असा एक वास सुटायचा, आणि तोच माझ्यासाठी शाळेचा वास. घेतला तिसरीत, वाढत्या अंगाचा, त्यामुळे पहिल्या वर्षी घोट्यापर्यंत आणि सहावीत गुडघ्याच्या वर. शाळेत पोचेपर्यंत बाहेरून पाऊस आणि आतून घाम. व्हरांड्यात खिळ्यांना चाळीस काळे रेनकोट टांगलेले, खाली पाण्याची तळी. आईने माझ्या कॉलरवर लाल दोऱ्याने नाव घातलं होतं, तरी एकदा दुसऱ्याचाच घालून घरी आलो. त्याच्या खिशात अर्धा चघळलेला आवळा होता. परत दिला नाही. आवळा, म्हणजे. रेनकोट दिला.

खरं कोरडं राहायची ती जावळीतली आजी. बांबूच्या कामट्या, त्यावर पळसाची पानं, असं इरलं डोक्यावरून पाठीवर घ्यायचं आणि ओणवं होऊन भात लावायचा. दोन्ही हात मोकळे. मी एकदा त्याखाली शिरलो होतो. पानांवर पाऊस एवढा वाजत होता की आजीची हाक ऐकूच आली नाही. मग पाठीत धपाटा बसला.

तर जाकीट घेतलं. तीनशे ग्रॅमचं, स्वतःच्याच खिशात मावणारं, मुठीएवढं. आम्ही मेघालयात चाललोय, चेरापुंजीला. घरी आल्यावर बायकोने मोबाइलवर तिकडचा एक फोटो दाखवला. शेतात वाकलेल्या खासी बायका, पाठीवर बांबूचं आणि पानांचं काहीतरी, कासवासारखं. क्नूप म्हणतात त्याला.

"अहो, हे तर तुमच्या आजीचं इरलं!"

मी काही बोललो नाही. तिला दाखवायला म्हणून जाकीट खिशातून बाहेर काढलं होतं, ते आता परत आत जाईना. चार वेळा घडी घातली, गुंडाळलं, वर गुडघा देऊन दाबलं. कालपासून खुर्चीवर पडलंय. बाहेर कडक ऊन आहे.