स्टॉपरला इथेही स्टॉपरच म्हणतात

नेटवर भारताचा फुटबॉल बचावपटू संदेश झिंगनच्या कारकिर्दीचा तक्ता उघडला की क्लबांची लांबलचक उतरंड दिसते. सिक्कीम, मुंबई, केरळ, गोवा, पुणे, बेंगळुरू, कोलकाता. या सगळ्यांच्या मधे एक ओळ अशी आहे : एचएनके शिबेनिक, क्रोएशिया. लीगचे सामने ०, गोल ०.

त्या शून्यापासून चालत पंधरा मिनिटांवर मी राहतो.

शिबेनिक हे एड्रियाटिक समुद्राकाठचं छोटंसं गाव. क्रका नदी इथे समुद्राला मिळते. पंधराव्या शतकात सुरू होऊन १५३५ मध्ये पूर्ण झालेलं सेंट जेकबचं कॅथेड्रल आहे. ते सगळंच्या सगळं दगडाचं, छतसुद्धा दगडाच्या पाट्यांचं, आणि २००० सालापासून युनेस्कोच्या यादीत. उन्हाळ्यात पर्यटक माना वर करकरून त्याचे फोटो काढतात. मला तितकं अप्रूप वाटलं नाही. मी खडकीचा, आमच्या नावातच दगड आहे.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये नोकरी घेऊन आलो. एजंटने पुण्यात सांगितलेला पगार आणि इथे सही केलेला पगार यांत किती फरक होता, ते परत कधीतरी. पहिला पगार कूनामध्ये मिळाला. १ जानेवारी २०२३ ला देशात युरो आला आणि सगळ्या किमतींना ७.५३४५० ने भागायची वेळ आली. तीन महिन्यांत दोन चलनं शिकलो, भाषा एकही नाही.

भाषेची सुरुवात स्टोअररूममध्ये झाली. तिथे साठीच्या पुढचे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे ‘बार्बा’ म्हणतात. दाल्मेशियात, म्हणजे या किनारपट्टीवर, वयाने मोठ्या माणसाला असं म्हणायची पद्धत आहे, आपल्याकडच्या ‘काका’सारखी. बार्बा बटाट्याची पोती मोजून घेत होते. माझ्या चालण्याकडे बघून त्यांनी विचारलं, फुटबॉल खेळायचास का? मी हो म्हटलं. कुठल्या जागेवर? आता सेंटर-बॅक, डिफेन्स, म्हणजे आपल्या गोलसमोर मधोमध बचाव करणारा, हे सगळं कसं समजवायचं या विचारात असताना तोंडातून सवयीने ‘स्टॉपर’ निघून गेलं. बार्बांनी पोतं खाली ठेवलं. ‘स्तोपर!’ क्रोएशियन भाषेतही तोच शब्द. पुण्यात एसएसपीएमएसच्या मैदानावर जुने लोक अजूनही म्हणतात तोच. इंग्रजी कॉमेंट्री ऐकणाऱ्या आमच्या पोरांनी तो कधीच टाकून दिला, पण इथे टीव्हीवरचा तज्ज्ञसुद्धा ‘स्तोपर’च म्हणतो.

मग बार्बांना आठवलं. तुमचा एक इंडियन होता ना आमच्याकडे, उंच? आला, लागलं, गेला.

तीन शब्दांत विषय संपवला. मला राग आला, कारण मी त्याला बालेवाडीत पाहिला होता.

२०१६ सालची गोष्ट. पुण्याचा क्लब डीएसके शिवाजीअन्स तेव्हा आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमध्ये नवीन होता आणि झिंगन त्यांच्याकडे लोनवर, म्हणजे आपल्या क्लबकडून काही महिन्यांसाठी उसना, आला होता. आमचे कोच (आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतो, त्यांचं नाव इथे टाकलं तर चिडतील) आम्हा चौघांना घेऊन गेले. खडकीहून औंध, बाणेर, दोन स्कूटरवर पाच जण. बालेवाडीचं स्टेडियम १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. धावण्याचा ट्रॅक मधे असल्यामुळे गॅलरीतून मैदान लांब पडतं आणि प्रेक्षकही मोजकेच होते. त्या दिवशी समोर कुठली टीम होती ते मी विसरलो, कारण सरांनी बॉल बघूच दिला नाही.

“ए, बॉल काय बघतोस? बॉल सगळी दुनिया बघतेय. तू स्टॉपर बघ.”

म्हणून मी पूर्वार्धभर एकाच माणसाला बघितलं. बॉल पार पलीकडच्या कॉर्नरला असतानाही तो उभा नसतो. डावीकडे बघ, मागे बघ, परत बॉलकडे. समोरच्या टीमचा स्ट्रायकर शेजारी आला की एक हात अलगद त्याच्या पाठीवर. पकडायचं नाही, रेफरी फाऊल देईल. नुसता टेकवायचा. म्हणजे माणूस कुठे आहे ते हाताला कळतं आणि डोळे बॉलसाठी मोकळे राहतात. त्यांच्या खेळाडूने लांब मारण्यासाठी पाय मागे नेला की याची तीन पावलं मागे पडलेली असायची. पाय बॉलला लागायच्या आधी. नंतरचं हेडर सगळ्यांना दिसतं. त्या तीन पावलांना टाळ्या नसतात. सर म्हणाले, “हेडर सोप्पं असतं रे. तिथे आधी पोचणं अवघड.”

त्या काळात आपले खेळाडू इतके लोनवर का फिरायचे, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती दिवाळीच्या आसपास दोन-तीन महिन्यांत आटपायची आणि जानेवारीपासून आय-लीग. म्हणजे एका वर्षात दोन घरं. झिंगनचं मोठं घर केरळा ब्लास्टर्स. पहिल्याच मोसमात तो उदयोन्मुख खेळाडू ठरला आणि त्याच मोसमाची फायनल डी. वाय. पाटील स्टेडियमवर इंज्युरी टाइममधल्या गोलने हरला. उरलेल्या महिन्यांत कधी स्पोर्टिंग गोवा, कधी आपलं डीएसके, कधी बेंगळुरू. लोकांना वाटतं फुटबॉलर क्लब बदलतो म्हणजे पैसे वाढतात. कधी वाढतातही. पण स्टॉपरला दरवेळी नवीन गोलकीपरचा आवाज ओळखावा लागतो, शेजारचा पार्टनर वर चढणारा आहे की मागे थांबणारा ते शिकावं लागतं. नवीन किचनमध्ये पहिल्या दिवशी मीठ कुठल्या डब्यात आहे हे शोधण्यासारखं. फरक इतकाच की तिथे डबा चुकला की गोल होतो.

पुण्याला एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. भारताच्या बचावाची बरीच मंडळी आपल्या शहरातून गेली. अनस एडाथोडिका २०११ पासून चार वर्षं पुणे एफसीचा होता. पुढे भारतासाठी अनस आणि झिंगन ही जोडी जमली. २०१९ च्या आशियाई चषकात बहारीनविरुद्ध अनस चौथ्याच मिनिटाला जखमी होऊन बाहेर गेला, आपण एकाण्णवाव्या मिनिटाच्या पेनल्टीवर हरलो आणि अनसने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोहात आशियाई विजेत्या कतारला आपण ०-० वर रोखलं तेव्हा झिंगनशेजारी आदिल खान होता, एफसी पुणे सिटीकडून खेळून गेलेला. त्या सामन्यात गोलमधे गुरप्रीत संधूने कमाल केली आणि सगळं कौतुक त्याला मिळालं. मिळायलाच हवं होतं. पण सरांच्या शिकवणीमुळे मी ती रात्र दोन स्टॉपर बघण्यात घालवली.

आणि आता पुण्यात? पुणे एफसी नाही, भारत एफसी एका मोसमात संपलं, डीएसके शिवाजीअन्स २०१७ नंतर नाही, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेलं आणि ती जागा हैदराबादने घेतली. पुणे एफसी तर २०१२-१३ मध्ये आय-लीगचं उपविजेतं होतं. चार क्लब, चारही गेले. बार्बांना हे सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे संशयाने बघायला लागले. शिबेनिकची लोकसंख्या आपल्या एखाद्या उपनगराइतकीही नाही, पण १९३२ साली सुरू झालेला क्लब अजून आहे. वर जातो, खाली येतो, शिव्या खातो, पण आहे.

तर तो शून्य.

दोहाच्या सामन्यानंतर महिनाभरातच झिंगनच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि अख्खा मोसम गेला. पुढच्या मे महिन्यात केरळा ब्लास्टर्स सुटलं, निरोप देताना क्लबने त्याच्या जर्सीचा २१ नंबर कुणाला न देण्याचं जाहीर केलं. तो कोलकात्याला एटीके मोहन बागानमध्ये गेला, तिथे फायनलपर्यंत खेळला आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये इथे आला. क्रोएशियाच्या पहिल्या लीगमधल्या क्लबशी करार करणारा पहिला भारतीय. तेव्हा भारताचे कोच इगोर स्टिमॅक होते, तेही स्टॉपर. (बार्बांनी माझा उच्चार दुरुस्त केला : श्टिमात्स.) मेत्कोविच गावचा माणूस, क्लब इथला हाइदुक स्प्लिट, स्पेनमध्ये काडिझ, इंग्लंडमध्ये डर्बी आणि वेस्ट हॅम, आणि १९९८ च्या विश्वचषकात ब्राँझ मिळवणाऱ्या क्रोएशियाच्या बचावात. झिंगन या किनाऱ्यावर आला आणि काही दिवसांतच सरावात स्नायू दुखावला. महिने गेले. बरा झाला तोवर टीम ठरून गेली होती. जानेवारी २०२२ मध्ये तो परत कोलकात्याला.

आपल्याकडे तेव्हा काय काय लिहिलं गेलं ते मी पुण्यात बसून वाचत होतो. क्रोएशियाला सहलीला गेला होता, वगैरे. खोटं कशाला बोलू, त्यातल्या एकदोन विनोदांवर मीही हसलो होतो.

इथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात शिंपले उघडताना सुरी घसरली आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी शिरली. क्रकाच्या मुखाजवळचे शिंपले इथे प्रसिद्ध आहेत, माझ्या मनात मात्र त्यांची वेगळीच प्रसिद्धी आहे. टाके पडले. सहा आठवडे काम बंद. खोलीत तीन नेपाळी मुलं होती, ती सकाळी सहाला निघून जायची. मी खिडकीतून बुरा बघायचो. बुरा म्हणजे डोंगरावरून समुद्राकडे येणारा थंड वारा. तो सुटला की दोरीवरचे कपडे आडवे उभे राहतात. रात्री आईचा व्हिडिओ कॉल यायचा. मी फोन उजव्या हातात धरायचो आणि बँडेजवाला हात मांडीखाली. “काम कसं चाललंय रे?” “मस्त.” “आज काय बनवलंस?” मग मी रूममेटने आदल्या दिवशी जे बनवलं असेल ते सांगायचो. सहा आठवड्यांत मी कागदोपत्री एकही प्लेट बाहेर पाठवली नाही. माझाही तक्ता कुणी काढला असता तर त्यात शून्यच आलं असतं.

त्या दिवसांत संध्याकाळी चालत शुबिचेवात्सला जायचो. हे क्लबचं मैदान, चढावर. शेजारी पाइनची झाडी, जिथे १९४२ मध्ये फॅसिस्टांनी पार्टिझन लढवय्यांना गोळ्या घातल्या. मैदानाच्या जाळीतून आत बघायचो. टीम सराव करत असायची आणि कडेला एखादा खेळाडू फिजिओबरोबर एकटाच, प्लास्टिकच्या कोनांच्या मधून हळूहळू पळताना. दरवेळी वेगळा कुणीतरी. मी जास्त त्याच्याकडेच बघायचो. स्टॉपर बघायची सवय आता अशी वाकडी झाली होती.

बार्बांशी पुढे वाद घातला. माझी क्रोएशियन तोडकी, त्यांचा पारा चढलेला. मी म्हटलं, गुरप्रीत संधू नॉर्वेत स्टाबेकला २०१४ मध्ये गेला आणि लीगचा पहिला सामना खेळायला मे २०१६ उजाडला. दोन वर्षं बाकावर. जुलैपर्यंत तोच युरोपा लीग खेळलेला पहिला भारतीय झाला होता. बार्बा म्हणाले, पण तो गोलकीपर, त्याला वेळ असतो. या उत्तराला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर झिंगन बेंगळुरूकडे गेला, २०२२ चा ड्युरंड कप जिंकला, मग गोव्याला गेला, हेही सांगितलं. २०२४ च्या जानेवारीत सीरियाविरुद्ध परत जखमी झाला, हे नाही सांगितलं.

आता माझी परिस्थिती बरी आहे. उन्हाळ्यात हॉटेल, हिवाळ्यात हॉटेल बंद असतं तेव्हा जुन्या गावातलं एक कोनोबा, म्हणजे खानावळच. बार्बा निवृत्त होणार होणार म्हणतात आणि होत नाहीत. रविवारी आम्ही टर्फवर खेळतो : नेपाळी, फिलिपिनो, बार्बांचा भाचा, मी. भाच्याने पहिल्या दिवशी विचारलं नाही, सरळ मागे बोट दाखवलं. ‘स्तोपर.’ वय छत्तीस, पळणं संपलंय, तीन पावलं आधी मागे जाणं तेवढं शिल्लक आहे. परवा बुरा सुटलेला असताना एका बावीस वर्षांच्या पोराला अडवायला गेलो आणि टर्फवर गुडघा घासला.

रात्री सरांना फोन लावला. ते आता घरीच असतात, लोकांना बॉल न बघायला लावायला कुणी सापडत नाही म्हणून टीव्हीवर रागावतात. मी जिंकलो म्हणून सांगितलं. ३-१.

“आणि गुडघा?”

“ठीक आहे सर. काही नाही.”

“असं? मग कॅमेरा खाली कर बघू.”

मी फोन खाली केला.