अ‍ॅरिझोनात किती वाजले?

वर्ल्ड सीरिज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, कुठल्या शुक्रवारी सुरू होणार हे कित्येक महिने आधी ठरलेलं असतं. कोण खेळणार हे मात्र कधीकधी त्याच आठवड्याच्या मंगळवारी रात्री अकरा वाजता कळतं. मधल्या तीन दिवसांत अख्ख्या अमेरिकेला ‘या दोघांचा सामना बघा’ म्हणून पटवायचं, हा आमचा धंदा. मूळ प्रोमो दुसरीकडे बनतो. आमच्या न्यू जर्सीतल्या छोट्या ऑफिसात त्याची पिल्लं निघतात: ठिकठिकाणच्या स्थानिक केंद्रांसाठी आणि केबल कंपन्यांसाठी वेगवेगळी व्हर्शन्स. आमच्याकडे दिवस मावळला की पुढचं काम पुण्याची टीम करते.

२४ ऑक्टोबर २०२३ चा मंगळवार तसाच होता. भारतात दसरा. वानखेडेवर दक्षिण आफ्रिका–बांगलादेश सामना होऊन गेला होता आणि क्विंटन डी कॉकच्या १७४ धावांच्या क्लिपा पुण्याच्या ग्रुपवर फिरत होत्या. इकडे फिलाडेल्फियात फिलीज आणि अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स यांच्यातल्या उपांत्य मालिकेचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना. जिंकेल तो टेक्सस रेंजर्सशी वर्ल्ड सीरिज खेळणार. रेंजर्सनी आदल्याच रात्री ह्यूस्टनला ११–४ नं हरवलं होतं.

क्रिकेटच्या विश्वचषकात भारत–पाकिस्तान सामना साखळी फेरीतच टाकलेला असतो. त्या वर्षी तो १४ ऑक्टोबरला अहमदाबादला झाला, आणि त्याची तारीख जाहिरातवाल्यांना कधीची ठाऊक होती. बेसबॉलमध्ये ही सोय नाही. सोमवारी रात्रीपर्यंत चार जोड्या शक्य होत्या. त्यात दोन लांबी (३० आणि १५ सेकंद), चार टाइम झोनच्या वेळा (पूर्वेला ८, मध्यला ७, माउंटनला ६, पॅसिफिकला ५) आणि तीन दिवसदर्शक शब्द (‘शुक्रवारी’, ‘उद्या’, ‘आज रात्री’). गुणाकार करा: ९६ फायली. रेंजर्स जिंकल्यावर उरल्या ४८. त्यातल्या २४ मंगळवारी रात्री कचऱ्यात जाणार, हे सगळ्यांना माहीत असतं. कुठल्या चोवीस, एवढंच माहीत नसतं.

एक गोष्ट मात्र आमच्या नशिबानं पक्की होती: पहिला सामना आर्लिंग्टनलाच, रेंजर्सच्या घरी. डायमंडबॅक्सचे हंगामातले विजय ८४, रेंजर्सचे ९०, म्हणजे यजमान रेंजर्स. फिलीजचेही ९०च होते. पण हंगामाच्या पहिल्याच तिन्ही सामन्यांत रेंजर्सनी फिलीजना हरवलं होतं, त्यामुळे बरोबरीतही मान त्यांचाच. हंगामाच्या सुरुवातीचे ते तीन सामने कुणाच्या लक्षातही नव्हते. त्यांनी आमच्या निम्म्या फायली वाचवल्या. कारण यजमान बदलला की प्रोमोतला लोगोंचा क्रम बदलतो. अमेरिकेत पाहुणा संघ डावीकडे आणि आधी, यजमान उजवीकडे आणि नंतर. हा क्रम चुकला तर प्रेक्षकाला कदाचित कळणार नाही, पण लीगच्या मंजुरीतून ती फाइल पाचव्या मिनिटाला परत येते.

नावांचा त्रास वेगळाच. ‘फिलीज’ म्हणायला जेवढा वेळ लागतो त्याच्या जवळजवळ दुप्पट ‘डायमंडबॅक्स’ला. तीस सेकंदांत हे खपून जातं. पंधरा सेकंदांच्या प्रोमोत शेवटची पाच सेकंद पाटीची, म्हणजे संघ, दिवस आणि वेळ यांची. तिथे नाव उच्चारलं की लगेच बॅटच्या टोल्याचा आवाज येतो आणि त्या ठोक्यावर वेळ पडद्यावर आदळते. फिलीजसाठी बसवलेला ठोका डायमंडबॅक्सच्या ‘बॅक्स’वरच पडत होता. ठोका बारा फ्रेम पुढे ढकलला, तर वेळ वाचायला बारा फ्रेम कमी मिळतात. शेवटी आवाज देणाऱ्याकडून नाव तीन वेगवेगळ्या वेगांत पुन्हा बोलून घेतलं आणि सर्वांत चटपटीत वाचन ठेवलं. अक्षरांचंही तेच. इंग्रजीत फिलीजची आठ अक्षरं, डायमंडबॅक्सची बारा. पाटीवर बसवायला अक्षर लहान केलं की तो संघ दुय्यम दिसतो. ‘डी-बॅक्स’ लिहिता आलं असतं, पण मग शेजारी ‘रेंजर्स’ पूर्ण आणि हे अर्धवट, असं दिसलं असतं.

दृश्यांबद्दल तर बोलायलाच नको. फिलीजचा प्रोमो स्वतःहून बनत होता. ब्राइस हार्परनं त्याच महिन्यात अटलांटाविरुद्ध दोन होम रन मारले होते आणि बेसवरून धावताना अटलांटाच्या ऑर्लँडो आर्सियाकडे जो कटाक्ष टाकला होता, तो एकटा शॉट पुरेसा होता. होम रन हा प्रोमोवाल्यांचा लाडका. बॅटवर चेंडू, वर गेलेली नजर, उसळलेली गर्दी: तीन शॉट, प्रत्येकी अर्धा सेकंद, काम संपलं. डायमंडबॅक्सचा हुकमी एक्का कॉर्बिन कॅरल. पहिल्याच पूर्ण हंगामात २५ होम रन आणि ५४ बेस चोऱ्या (चेंडू टाकला जात असतानाच पळून पुढचा बेस गाठणं). नवोदित (‘रूकी’) खेळाडूंपैकी असा जोडविक्रम आधी कुणीच केला नव्हता. पण बेस चोरणं अर्ध्या सेकंदात दाखवता येत नाही. गोलंदाजाचा पाय उचलला जाताना धावपटू सुटतो, मग यष्टिरक्षकासारखा मागे बसलेला कॅचर चेंडू फेकतो, मग घसरगुंडी आणि पंचाचे पसरलेले हात. हे सगळं एकाच लांबच्या शॉटमध्ये साडेतीन सेकंद चालतं. मध्येच कापलं तर फक्त धूळ दिसते. त्या हंगामात बेसच्या गाद्या १५ इंचांवरून १८ इंच केल्या होत्या, पिचिंगला घड्याळ लावलं होतं, गोलंदाजाच्या मागे वळून फेकण्यावर मर्यादा आणली होती. चोऱ्या वाढाव्यात, खेळ पळावा, हा त्यामागचा एक मोठा हेतू. खेळ पळायला लागला आणि आमचा साचा होम रनवरच बसून राहिला.

त्यामुळे फिलीजच्या चोवीस फायली तिघांनी तीनदा पाहिल्या. डायमंडबॅक्सच्या चोवीस एकानं एकदा. कुणी तसं ठरवलं नव्हतं. घरच्या मैदानावरचा सामना, फिलाडेल्फिया देशातल्या पहिल्या पाच टीव्ही बाजारांतलं शहर, समोर नियमित हंगामात मिळवल्यापेक्षा जास्त धावा देऊन बसलेला संघ. सगळेच मनातल्या मनात निकाल लावून बसले होते.

चौथ्या डावाअखेर फिलीज २–१ नं पुढे. पाचव्यात डायमंडबॅक्सनी दोन धावा काढल्या, सातव्यात आणखी एक. सातव्यातच दोन धावपटू बेसवर असताना हार्पर आला आणि त्याचा चेंडू मधल्या क्षेत्ररक्षकाच्या हातात उतरला. ४–२. फिलीजच्या इतिहासातला तो पहिलाच सातवा सामना होता.

आता आमचं काम खरं तर सोपं. एक फोल्डर ‘होल्ड’वरून सोडायचं, दुसरं कुलूपबंद करायचं. ते आम्ही दहा मिनिटांत केलं. पण जिंकणारा संघ बदलला की ग्राहकही बदलतात. फिलाडेल्फियाच्या आसपासचे दोन ग्राहक गळाले आणि रात्री पावणेबाराला अ‍ॅरिझोनातल्या एकाची नवी ऑर्डर आली: तीस आणि पंधरा सेकंद, तिन्ही दिवसशब्द, सहा फायली, सकाळच्या पाचच्या बातम्यांपूर्वी. आमच्या फॉर्मवर टाइम झोनचा एक रकाना होता, त्यात चार पर्याय. त्यांनी ‘माउंटन’ निवडलं.

पुण्यात तेव्हा सकाळचे सव्वानऊ. शिफ्टवर आलेल्या एडिटरनं नकाशा उघडून पाहिलाही. “ताई, अ‍ॅरिझोना माउंटनमध्येच दाखवतंय. सहा वाजताचं व्हर्शन पाठवू ना?” मी “हो, पाठव” म्हटलं. फायली क्यूसीतून, म्हणजे दर्जा तपासणीतून, गेल्या. आवाजाची पातळी उणे २४, कायद्यात बसणारी. काळी फ्रेम नाही. सबटायटल्स जागेवर, डायमंडबॅक्सचं स्पेलिंग बरोबर. यंत्र हे सगळं तपासतं. फीनिक्समध्ये किती वाजलेत, हे यंत्राला कुणी विचारत नाही.

अ‍ॅरिझोना घड्याळ पुढे-मागे करत नाही. उन्हाळ्यात बाकीचा माउंटन पट्टा तासभर पुढे जातो, अ‍ॅरिझोना तिथेच थांबतो. म्हणून मार्च ते नोव्हेंबर त्यांची वेळ कॅलिफोर्नियाइतकीच असते. पूर्वेचे आठ म्हणजे फीनिक्सचे पाच, सहा नव्हे. ग्राहकानं काहीच चूक केली नव्हती. ते खरोखर माउंटन प्रमाणवेळेत राहतात, वर्षभर. एडिटरनं नकाशा बरोबर वाचला. फॉर्म मात्र मी बनवला होता, आणि त्यात ‘माउंटन’चा अर्थ डेन्व्हर, म्हणजे घड्याळ पुढे करणारा पट्टा, असा धरला होता.

डायमंडबॅक्स २००१ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सीरिजमध्ये पोचले होते. बावीस वर्षांनी. आणि त्यांच्याच राज्यात, जिंकल्याच्या दुसऱ्या सकाळी, प्रोमो सांगत होता की सामना सहाला. त्यावर विसंबून जो टीव्ही लावेल त्याचा पहिला तासभर गेला. आमच्या सकाळी साडेआठला फोन आला तोवर तीनदा वाजून झाला होता.

दुरुस्तीला चार मिनिटं लागली. आमच्या स्थानिक व्हर्शन्समध्ये झोनचं नाव नसतं, फक्त आकडा असतो. म्हणजे पॅसिफिकची ‘पाच’वाली फाइल अ‍ॅरिझोनासाठी जशीच्या तशी चालत होती. रात्रभर ती त्याच फोल्डरमध्ये, चुकीच्या फाइलच्या बरोबर खाली पडून होती. नाव बदललं, जुनीला ‘किल डेट’ लावून मारलं, नवी पाठवली. गंमत म्हणजे अ‍ॅरिझोनातच उत्तर-पूर्वेला नवाहो नेशनचा मोठा प्रदेश आहे आणि तिथे घड्याळ पुढे करतात. तेवढ्या भागापुरता आमचा ‘सहा’ बरोबर होता! हे मी ग्राहकाला सांगितलं नाही.

मालिका पाच सामन्यांत संपली. पहिला सामना मात्र प्रोमोवाल्यांची दिवाळी होती: नवव्या डावात कोरी सीगरनं होम रन मारून बरोबरी केली, अकराव्यात अडोलिस गार्सियानं जिंकून दिलं. शनिवारचा प्रोमो चाळीस मिनिटांत उभा राहिला. त्यानंतर रविवार सुट्टीचा, कारण संघांना आर्लिंग्टनहून फीनिक्सला जायचं होतं. सोमवारी तिसरा सामना, तोही मंडे नाइट फुटबॉलशी (अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याशी) टक्कर घेत. मंगळवारी हॅलोवीन, पोरंबाळं रस्त्यावर. सरासरी ९१ लाख प्रेक्षक. वर्ल्ड सीरिजचा तोपर्यंतचा नीचांक, २०२० च्या ९८ लाखांच्याही खाली. २०१६ मध्ये शिकागो कब्ज–क्लीव्हलँडचा एकटा सातवा सामना ४ कोटी लोकांनी पाहिला होता.

ऑफिसात सगळ्यांचं एकच पालुपद: जोडीच पडेल होती, आम्ही काय करणार? पुढच्या वर्षी डॉजर्स–यांकीजला (लॉस एंजेलिस–न्यूयॉर्क) सरासरी १ कोटी ५८ लाख मिळाले, तेव्हा तर हे पालुपद सिद्धांत झालं. मला ते अर्धंच पटतं. बेसबॉल एप्रिल ते सप्टेंबर गल्लीतला खेळ म्हणून विकला जातो. ज्याचा त्याचा प्रादेशिक चॅनेल, ज्याचा त्याचा संघ. डायमंडबॅक्सचं तर तेही धड नव्हतं. त्यांचे सामने दाखवणाऱ्या प्रादेशिक वाहिन्यांची मालक कंपनी मार्चमध्ये दिवाळखोरीत गेली आणि जुलैत लीगनं प्रक्षेपण स्वतःच्या हाती घेतलं. ओहायोतल्या माणसानं कॅरलला एकदाही पळताना पाहिलेलं नाही आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही त्याला पंधरा सेकंदांत, त्यातली पाच पाटीची, तो कोण ते सांगणार. तरी साडेतीन सेकंदांचा तो एक सलग चोरीचा शॉट ठेवून बघायला हवा होता. मी एक कट तसा बनवलाही होता. “संथ वाटतो,” असा शेरा येऊन परत आला. मैदानावर जी सगळ्यात वेगवान गोष्ट, ती टाइमलाइनवर संथ.

फॉर्म मी बदलला. झोनचा रकानाच काढून टाकला. आता फॉर्मच ग्राहकाला थेट विचारतो: तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात सामना किती वाजता सुरू होतो? गेल्या मोसमात इंडियानातून एक फॉर्म भरून आला. त्यांच्या केबलचं जाळं दोन टाइम झोनमध्ये पसरलंय. उत्तराच्या जागी त्यांनी लिहिलं होतं: कुठल्या भिंतीवरच्या?