जयगडच्या वाटेवरची कळलावी

श्रावणात गणपतीपुळ्याला येणारी बहुतेक मंडळी दर्शन, मोदक आणि समुद्र उरकून परत फिरतात. आम्ही मात्र मालगुंड मागे टाकून जयगडचा रस्ता धरला, सडा म्हणजे कातळाचं माळरान बघायला. जांभ्याचा कातळ, अधूनमधून भाताची खाचरं आणि आंब्याच्या बागांभोवती दगडी गडगे. तिथेच, करवंदीच्या जाळीतून डोकं काढून कळलावी फुलली होती. गाडीतूनही चुकणार नाही असा रंग!

जवळ जाऊन पाहिलं. हिला चढायला वेगळे तणावे नाहीत. पानाचं टोकच लांबत जातं, वेटोळं घेतं आणि हाताशी येईल ती काटकी धरून ठेवतं. फुलाचा तर सगळा उलटा कारभार. तोंड जमिनीकडे, पण सहाही पाकळ्या मागे वळून आभाळाकडे, कडा चुणीदार. सहा पुंकेसर आडवे पसरलेले. कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, तर अंडाशयापाशीच काटकोनात वळून बाजूला निघालेला. मधासाठी खालून आलेल्या फुलपाखराच्या पंखांना पराग लागलेच पाहिजेत, अशी मांडणी! फूल उमलतं हिरवट-पिवळं, मग हळूहळू लाल चढत जातो. त्यामुळे एकाच वेलीवर दोन जातीची फुलं आहेत असं वाटतं.

फोटोसाठी फांदी वळवायला गेलो, तर गुरं घेऊन चाललेले एक आजोबा थबकले. "गुरं तोंड लावत नाहीत तिला, तुम्ही कशाला हात लावताय?"

आजोबांचं खरंच होतं. वेलीच्या सगळ्या भागांत कोल्चिसीन नावाचं विषारी द्रव्य असतं, कंद आणि बिया तर विशेष विषारी. आयुर्वेदातही ती उपविषांत मोडते. गोमूत्रात शोधन, म्हणजे शुद्धी, केल्याशिवाय कंद वापरत नाहीत. हेच कोल्चिसीन गाऊट या सांधेदुखीच्या आजारावर औषध म्हणून दिलं जातं, आणि त्यासाठी तामिळनाडूत हिची चक्क शेती होते. तिथलं ते राज्यफूल, आणि तिकडे झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल. आफ्रिकेच्या उष्ण भागापासून भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियापर्यंत ही रानोमाळ आपोआप उगवते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली 'ग्लोरिओसा सुपर्बा' हे नाव दिलं. थोडं भपकेबाज आहे, पण शोभतं.

बघायची तर गणेशोत्सवाच्या आसपास जा. पाऊस सरला की वेल वाळून जाते आणि पुढच्या पावसापर्यंत जमिनीखाली नुसता कंद उरतो.