पेटी निघाली

माझं पोट चाळीसेक अक्षरांवर चालतं. कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांना जे जाहिरातीचे ईमेल धाडतात, ते मी लिहिते. पण आतल्या मजकुराचं कुणाला फारसं पडलेलं नसतं, सगळी मीटिंग खर्ची पडते ती वरच्या एका ओळीवर, सब्जेक्ट लाइनवर. फोनच्या उभ्या पडद्यावर तिची जेमतेम 35-40 अक्षरं दिसतात, पुढे तीन टिंबं. तेवढ्यात वाचणाऱ्याचा अंगठा थांबला तर ठीक. नाहीतर आतली चित्रं, सवलतीचे आकडे, तळाला बारीक अक्षरांत लपवलेल्या अटी-शर्ती, सगळं न बघताच कचऱ्यात. हे काम घरी समजावून सांगणं अवघड जातं. आत्यानं एकदा सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे शाळेत अर्जावर 'विषय' लिहायचो, तेच ना गं? त्याचे पैसे देतात?"

देतात. आणि काम तेच आहे, फक्त बरोबर उलटं.

अर्जाचा विषय असा लिहायचा असतो की पुढचा अर्ज वाचायची गरजच उरू नये. 'मौजे अमुक येथील गट क्रमांक तमुकलगतच्या पाणंद रस्त्यावरील अतिक्रमण दूर करणेबाबत.' गाव, जागा, तक्रार, मागणी, सगळं एका दमात. 'उपरोक्त विषयास अनुसरून' म्हणून जे सुरू होतं ते याच वाक्यात पाणी घालून वाढवलेलं असतं. कारकुनानं विषय वाचायचा आणि कागद कुठल्या टेबलावर जायचा ते ठरवून मोकळं व्हायचं. त्या 'णेबाबत'ची सगळेच टिंगल करतात, मीही करते. पण ती ओळ वाचणाऱ्याचा वेळ वाचवण्यासाठी असते, हे मान्य करावंच लागतं. पूर्वीची पत्रंही असंच वागायची. लग्नाच्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू असायचं आणि वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा, म्हणजे पोस्टमनच्या हातात असतानाच घराला अंदाज यायचा. माझ्या धंद्यातली ओळ मात्र म्हणते, 'तुमच्यासाठी काहीतरी खास आहे…' काय आहे? उघडा, मग कळेल.

सुरुवातीला असं काही योजलेलं नव्हतं. कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि कशाबद्दल लिहिलं हे ईमेलच्या डोक्यावर ठरावीक पद्धतीनं असावं, असं सुचवणारा एक छोटासा कागद सप्टेंबर 1973 मध्ये अमेरिकेत निघाला. इंटरनेट तेव्हा नव्हतं, त्याचा पूर्वज अर्पानेट होता. कागदावर चौघांची नावं आहेत. त्यात ईमेलच्या पत्त्यात '@' आणणारे रे टॉमलिन्सन आहेत आणि आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषणही आहेत. 'विषय'ची ओळ ठरवणाऱ्यांत एक भारतीय असावा याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. आपल्याइतके अर्ज कुणी लिहिले असतील?

पुढे पाचच वर्षांत धंदा तिथे पोचला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थ्युर्क यांनी 3 मे 1978 रोजी, नव्या यंत्रांचं प्रात्यक्षिक बघायला या, असं आमंत्रण सुमारे 400 जणांना एका झटक्यात पाठवलं. जाहिरातीचा पहिला घाऊक ईमेल म्हणून त्याचं नाव घेतात. त्याची सब्जेक्ट लाइन काय असावी? कुणाचा तरी ईमेल पत्ता! पत्ते टाइप करायला सुरुवात झाली तीच विषयाच्या जागेत. तिथून ते पुढच्या रकान्यांत सांडले, तिथेही मावेनात तेव्हा मजकुरात घुसले. अर्पानेट सांभाळणाऱ्यांनी नियमांचं उघड उल्लंघन म्हणून कान उपटले. थ्युर्क मात्र पुढे सांगत राहिले की त्यातून कोटी डॉलरच्या पुढे विक्री झाली. आमचा मूळपुरुष विषय न लिहिताच यशस्वी झाला, हे मी मीटिंगमध्ये कधी काढत नाही.

लोकांना उघडायला लावणं एवढीच कसोटी धरली, तर माझ्या मते पहिला नंबर मे 2000 मधल्या एका ओळीचा. 'आयलव्हयू', तिन्ही शब्द एकाला एक चिकटवून. ईमेलसोबत प्रेमपत्राच्या नावाची एक फाइल. ती उघडली की संगणकातल्या फायलींची वाट लागायची आणि तोच ईमेल तुमच्या यादीतल्या सगळ्यांना तुमच्या नावानं रवाना व्हायचा. फिलिपिन्समधून निघालेला हा व्हायरस बघता बघता जगभर पसरला, ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सलाही आपली ईमेल यंत्रणा बंद ठेवावी लागली. फिलिपिन्समध्ये असल्या उद्योगाविरुद्ध तोवर कायदाच नसल्यामुळे लिहिणारा सुटला. मला गंमत वाटते ती उघडणाऱ्यांची. हिशेब खात्यातल्या माणसानं किंवा साहेबानं भर कामाच्या दिवशी पाठवलेलं प्रेमपत्र लोकांनी उघडलं. ओळखीचं नाव आणि अनपेक्षित ओळ. आमच्या प्रशिक्षणात नेमकं हेच शिकवतात, उदाहरण फक्त दुसरं देतात.

ते दुसरं उदाहरण बहुतेक वेळा ओबामांचं असतं. 2012 च्या निवडणुकीत त्यांची प्रचारमंडळी एकाच ईमेलच्या डझनभर आवृत्त्या थोड्याथोड्या लोकांना पाठवून बघायची आणि जी चालेल ती उरलेल्या लाखोंना धाडायची. 'आय विल बी आउटस्पेंट', म्हणजे समोरचा माझ्यापेक्षा जास्त पैसा ओतणार आहे, अशा ओळीच्या ईमेलनं 26 लाख डॉलरहून जास्त देणगी आणली. आपण 'काय गं' म्हणून हाक मारतो तसं नुसतं 'हेय'सुद्धा जोरात चाललं. कुठली ओळ जिंकेल याचा अंदाज त्यांच्यातल्या मुरलेल्या लोकांनाही येत नसे. यातून आमच्या धंद्यानं काय उचललं? 'हेय'. त्यानंतर चपला विकणाऱ्यापासून विमा विकणाऱ्यापर्यंत सगळे मला 'हेय' म्हणायला लागले. पहिल्या ओळीत एका उमेदवारानं स्वतःची अडचण सरळ सांगून टाकली होती, त्याची नक्कल करायला फारसं कुणी धजावलं नाही.

मराठीत ओळ लिहायची म्हटली की वेगळीच कसरत. आपल्या वाक्याचा जीव शेवटी असतो आणि फोन नेमका शेवटच कापतो. 'पैठणी महोत्सवातली ही सवलत यानंतर पुन्हा मिळणार नाही' असं तुम्ही हौसेनं लिहिता आणि गिऱ्हाइकाला दिसतं, 'पैठणी महोत्सवातली ही सवलत यानंतर पुन्हा मिळणार…' मग घाई कशाला करायची? इंग्रजीत नकार आधीच येऊन बसतो, आपला शेवटच्या बाकावर. त्यामुळे मी हल्ली छोट्या क्रियापदांच्या शोधात असते. आलं, संपलं, निघालं, मिळेल. तीन अक्षरांत वाक्य मिटवणारं क्रियापद सापडलं की मला पैसे सापडल्यासारखा आनंद होतो.

दुसरं दुखणं हाक मारण्याचं. टोपलीत वस्तू टाकून न घेता निघून गेलेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी आठवण करायची असते. 'तुम्ही काहीतरी विसरलात' हे कुणालाही चालतं. पण तरुण दिसायची हौस असलेल्या कंपनीला 'तू' हवं असतं, आणि 'तू' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, विसरलास की विसरलीस? यादीत नाव असतं, बाई की बुवा ते लिहिलेलं नसतं. शिवाय त्या नावाचंही खरं नाही. आपल्याकडे निम्म्या याद्या आडनावापासून सुरू होतात. यंत्र बिचारं पहिला शब्द उचलतं आणि सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांना लिहितं, 'पाटील, तुझी आवड आम्हाला माहीत आहे!' हे वाचून पाटील सर ईमेल उघडतात, नाही असं नाही. पण तळाचं 'अनसबस्क्राइब' शोधायला.

मराठी ओळ तिथवर पोचते हेच खरं तर कौतुक. ईमेलचा हा रकाना जन्मतः रोमन लिपीपुरता होता. 1992 मध्ये इतर लिप्यांसाठी तोडगा निघाला तोही असा, की देवनागरीचं एकेक चिन्ह वाटेत चार-चार रोमन चिन्हांच्या वेशात प्रवास करतं आणि मुक्कामाला पोचल्यावर वेश उतरवतं. मधल्या काळात कुणाचा तरी वेश उतरायचा नाही आणि दिवाळीच्या शुभेच्छा नुसत्या प्रश्नचिन्हांच्या रांगेत यायच्या, हे माझ्या वयाच्यांना आठवत असेल.

मला हे काम खऱ्या अर्थानं आवडायला लागलं ते देवगडकडच्या एका बागायतदारांमुळे. बाग स्वतःची, मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं वडिलांच्या वेळेपासूनची आणि त्यांचे ईमेल पत्ते मुलीनं नीट वहीतून उतरवून घेतलेले. मार्च उजाडला तसं आम्ही नेहमीचं लिहून पाठवलं, 'हापूसची चाहूल! आजच आगाऊ नोंदणी करा'. काकांचा फोन आला. "आंबो झाडार आसा, मगे खोटा कित्याक लिवतास?" मी म्हटलं, काका, चाहूल म्हणजे खोटं नव्हे, वातावरणनिर्मिती. ते म्हणाले, यंदा मोहोर उशिरा आलाय, पेटी पंधरा एप्रिलच्या आधी निघणार नाही, तेवढंच लिहा. मी लिहिलं, 'मोहोर उशिरा, आंबा 15 एप्रिलनंतर'. आमच्या साहेबांनी ओळ वाचून चष्मा काढला. विकायच्या ईमेलमध्ये माल नाही असं कोण सांगतं?

त्या ईमेलची नेहमीसारखी सहा आवृत्त्यांची परीक्षा वगैरे झाली नाही. आणि किती जणांनी उघडला हा आकडा आता तसाही भरवशाचा राहिलेला नाही. ईमेलमध्ये डोळ्यांना न दिसणारा एक ठिपका ठेवलेला असतो, तो फोननं आमच्याकडून मागवला की आम्ही समजायचं, उघडला. सप्टेंबर 2021 मध्ये ॲपलनं आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय केली की माणूस उघडो न उघडो, तो ठिपका आधीच मागवून ठेवायचा. त्या दिवसापासून आमच्या तक्त्यात झोपलेली माणसंही ईमेल उघडू लागली आणि ओपन रेट छान वर गेला. साहेबांनी पेढे वाटले नाहीत एवढंच.

काकांच्या ईमेलला मात्र उत्तरं आली. जाहिरातीच्या ईमेलला माणसं उत्तर देतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. कुणी लिहिलं, काही हरकत नाही, वीस तारखेला चार पेट्या ठेवा, मुलगी अमेरिकेतून यायची आहे. कुणी विचारलं, थंडी कमी पडली म्हणून का उशीर? एका आजोबांनी त्यांच्या लहानपणच्या आढीबद्दल लांबलचक लिहिलं. काकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. ज्यांना आंबा नको होता त्यांना न उघडताच कळलं की आता काही नाही. त्यांचाही वेळ गेला नाही.

त्यानंतरच्या सगळ्या ओळी आम्ही तशाच ठेवल्या. हापूसला 2018 मध्ये मिळालेल्या जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीच्या, मानांकनाचा उल्लेख ओळीतच हवा असा साहेबांचा आग्रह होता, तो मजकुरात बसवला. पहिला माल गाडीत चढला त्या दिवशी ओळ होती, 'पेटी निघाली'. दोन शब्द, क्रियापद शाबूत, कापायला फोनला काही शिल्लक नाही. माझ्या आजवरच्या ओळींमध्ये माझी सर्वांत लाडकी हीच, आणि खरं सांगायचं तर ती लिहिलेलीही काकांनीच. ते बापडे फोनवर मुलीला तेवढंच सांगत होते.

मोसमाचा शेवटचा ईमेल त्यांनी आम्हाला न विचारताच पाठवला. विषय, 'आंबा संपला'. आत काहीही नाही, अगदी कोरा. नमस्कार नाही, आभार नाहीत, पुढच्या वर्षीचं आमंत्रण नाही. मला घाम फुटला, साहेबांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत मी इनबॉक्स उघडला, तर डोंबिवलीच्या एका काकूंचं उत्तर येऊनही पडलं होतं. 'बरं. आमसुलं कधी पाठवताय?'